अब्दुल करीम खाँ

उस्ताद अब्दुल करीम खाँ (जन्म : कैराना, ११ नोव्हेंबर १८७२, मृत्यू : सिंगपेरुमाळकोईल, २७ ऑक्टोबर १९३७) हे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील किराणा घराण्याचे अग्रगण्य गायक आणि गुरू होते. स्वराचा गोडवा, संथ व क्रमशः वाढणारी आलापी आणि करुणरसप्रधान ठुमरी ही त्यांच्या गायनाची ओळख मानली जाते. उत्तरेत जन्मलेल्या खाँसाहेबांनी आयुष्याचा मोठा काळ महाराष्ट्रात व कर्नाटकात घालवला आणि दक्षिण महाराष्ट्रातील मिरज हे आपले गाव मानले. सवाई गंधर्व, सुरेशबाबू माने, रोशनआरा बेगम, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी इत्यादी शिष्यांमुळे त्यांची गायकी विसाव्या शतकात दूरवर पसरली.

मिरजेतील ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याशी त्यांचे आयुष्यभराचे नाते होते. एका गंभीर आजारातून आपण या दर्ग्याच्या कृपेने बरे झालो, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या कृतज्ञतेपोटी दर्ग्याच्या उरुसात ते गायनसेवा रुजू करीत. त्यांच्या निधनानंतर या वैयक्तिक रिवाजाला मिरजेच्या सार्वजनिक संगीतपरंपरेचे रूप आले.

जन्म आणि घराण्याचा वारसा

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म कैराना या गावी झाला. हे गाव तत्कालीन मुझफ्फरनगर जिल्ह्यात होते. आता ते उत्तर प्रदेशाच्या शामली जिल्ह्यात मोडते. गावाच्या नावावरूनच या परंपरेला किराणा घराणे हे नाव मिळाले. त्यांच्या वडिलांचे नाव काले खाँ. वडील व चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून त्यांना संगीताचे आरंभीचे शिक्षण मिळाले. थोर बीनकार बंदे अली खाँ यांचाही या परंपरेशी निकटचा संबंध होता.

कैरान्यातील या कुटुंबांमध्ये गायनाबरोबर सारंगी व बीन या वाद्यांची विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. मुलाचा आवाज कोणत्या वळणाचा आहे हे कळण्याआधीच त्याच्या हाती वाद्य येई, आणि घरातील वडीलधाऱ्यांचा रियाझ हेच त्याचे पहिले शिक्षण ठरे. अब्दुल करीम खाँ यांनाही सारंगी आणि बीन वाजवता येत असे. त्यांच्या गायनात एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड सरकत जाणारी जी मींड आढळते, तिचे मूळ अनेक अभ्यासक या वाद्यसंस्कारात पाहतात. त्या काळी सारंगियांना गायकांच्या तुलनेत दुय्यम स्थान दिले जाई. अशा कुटुंबातून आलेल्या कलावंताने ख्यालगायक म्हणून दरबारात व जाहीर मैफलीत मान मिळवणे ही सोपी गोष्ट नव्हती.

त्यांचा पहिला विवाह नात्यातच, किराणा घराण्याचे दुसरे थोर गायक अब्दुल वहीद खाँ यांच्या भगिनी गफूरन यांच्याशी झाला होता.

बडोदे

तरुणपणी बंधूंसमवेत देशाटन करीत असताना अब्दुल करीम खाँ बडोद्यास आले. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत बडोदे हे विद्या व कला यांचे मोठे केंद्र होते आणि दरबारच्या कलावंत खात्यात अनेक नामवंत गायक-वादक नोकरीस होते. तेथे खाँसाहेबांना आश्रय मिळाला.

बडोद्याच्या राजपरिवाराशी संबंध असलेल्या सरदार माने यांच्या कन्या ताराबाई या त्यांच्याकडे गायन शिकत होत्या. गुरुशिष्येच्या या नात्यातून प्रेम निर्माण झाले. भिन्न धर्म आणि भिन्न सामाजिक दर्जा यांमुळे या संबंधास मान्यता मिळणे अशक्य होते. १८९८ च्या सुमारास दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबई गाठली. त्यामुळे खाँसाहेबांचा दरबारी आश्रय संपला. यापुढील त्यांचा चरितार्थ मुख्यतः मैफली, शिकवण्या, संस्थानिकांची निमंत्रणे आणि तिकीट लावून केलेले जलसे यांवर चालला.

मिरजेत आगमन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम भारतात प्लेगची साथ पसरली होती. मुंबईत १८९६ मध्ये सुरू झालेली ही साथ पुढे पुणे व दक्षिण महाराष्ट्रातही पोहोचली. याच काळात खाँसाहेब मिरजेस आले. तेथे त्यांना गंभीर आजार जडला. तो प्लेगच होता, असे त्यांच्याविषयीच्या आठवणींत सांगितले जाते. आजारपणात त्यांनी मीरासाहेब दर्ग्याचा आश्रय घेतला, तेथे गायनसेवा केली आणि ते बरे झाले, अशी परंपरागत हकिकत आहे. तेव्हापासून मिरज हे त्यांचे श्रद्धास्थान बनले.

मिरज हे तेव्हा पटवर्धन घराण्याचे संस्थान होते आणि संगीताच्या दृष्टीने समृद्ध होते. ग्वाल्हेर घराण्याची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी मिरजेत अध्यापन केले होते आणि विष्णु दिगंबर पलुसकर यांचे शिक्षण त्यांच्याकडे तेथेच झाले. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सितारमेकर यांच्यापासून तेथे तंतुवाद्यनिर्मितीचा व्यवसायही रुजला होता. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार कुटुंबांतील कारागीर भोपळा, दांडी, घोडी आणि खुंट्या यांच्या कामाकडे वळले. मिरजेच्या तंबोऱ्याला देशभरातील गायकांकडून मागणी येऊ लागली. गाव रेल्वेचे जंक्शन असल्याने पुणे, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, हुबळी आणि पुढे म्हैसूरकडे जाणे सोयीचे होते. सतत फिरतीवर असणाऱ्या गवयाला ही सोय महत्त्वाची होती.

दर्गा आणि उरूस

मिरजेचा दर्गा ख्वाजा शमना मीरा या सूफी संताचा असून लोक त्याला मीरासाहेबांचा दर्गा म्हणतात. हिंदू व मुसलमान असे दोन्ही समाज येथे श्रद्धेने येतात. वार्षिक उरुसात संदल, गलेफ अर्पण करणे, कव्वाली आणि जत्रा असे कार्यक्रम होतात. उरुसातील पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाकडे आहे. उरूस हिजरी कालगणनेप्रमाणे येत असल्याने तो दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि कालांतराने सर्व ऋतूंमधून फिरतो.

या उरुसात अब्दुल करीम खाँ गायनाची हजेरी लावत. दर्ग्याच्या आवारातील चिंचेच्या झाडाखाली बसून ते गात, असे सांगितले जाते. संस्थानिकांच्या मैफलीत बिदागी ठरलेली असे आणि जाहीर जलशाला तिकीट असे. दर्ग्यातील गायन मात्र सेवा म्हणून होई आणि ते ऐकण्यास कोणालाही मज्जाव नसे. त्यामुळे ज्यांना दरबारी बैठकीत प्रवेश मिळणे शक्य नव्हते, अशा सामान्य मिरजकरांनाही आपल्या काळातील एका श्रेष्ठ गायकाचे गाणे ऐकता आले.

सूफी परंपरेत, विशेषतः चिश्ती पंथात, संगीतश्रवणाला उपासनेचे स्थान आहे. वारकरी कीर्तनाच्या भूमीत वाढलेल्या श्रोत्यांनाही देवापुढे गाऊन ऋण फेडण्याची कल्पना परकी नव्हती. खाँसाहेबांची गायनसेवा या दोन्ही परंपरांशी जुळणारी होती. ते नमाज पढणारे श्रद्धाळू मुसलमान होते आणि त्याच वेळी अन्य पंथांच्या साधुसंतांविषयीही त्यांना आदर होता. शिर्डीच्या साईबाबांपुढे त्यांनी मराठी अभंग गायिल्याची हकिकत साईभक्तांमध्ये प्रचलित आहे.

दैनंदिन जीवन

खाँसाहेब शरीराने सडपातळ आणि स्वभावाने मृदू होते, असे त्यांचे समकालीन सांगतात. त्यांच्या दिवसाचा मुख्य आधार रियाझ व तालीम हा होता. किराणा परंपरेत एकेका स्वराची स्वतंत्र साधना केली जाते. आवाज लावताना तो तंबोऱ्याच्या झंकारात पूर्ण मिसळला पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष असे. तंबोरा नीट जुळल्याशिवाय गाणे सुरू होत नसे. जुळवणीला लागणारा वेळ हा गायनाचाच भाग आहे, ही दृष्टी त्यांच्या शिष्यपरंपरेत पुढेही टिकून राहिली.

वाद्यांच्या दुरुस्तीतही ते निष्णात होते. दुरुस्तीची हत्यारे ते प्रवासातही बरोबर ठेवत आणि तंबोऱ्याची जवारी स्वतः काढत. रेल्वेच्या प्रवासात लाकडाला व भोपळ्याला इजा पोहोचे आणि हवामान बदलले की जवारी बिघडे. अशा वेळी कारागिराची वाट न पाहता वाद्य पुन्हा बोलते करणे त्यांना शक्य होई. वाद्यनिर्मात्यांच्या मिरजेत राहणाऱ्या या गायकाला स्वर आणि लाकूड या दोन्हींची जाण होती.

प्राण्यांवर त्यांचा लोभ होता. टिपू नावाचा त्यांचा कुत्रा स्वर ऐकून त्याला आवाजाने प्रतिसाद देण्यास शिकला होता, ही गोष्ट त्यांच्याविषयीच्या आठवणींत आवर्जून सांगितली जाते.

वर्षाचे चक्र प्रवासांनी भरलेले असे. म्हैसूरच्या दरबाराकडून त्यांना वेळोवेळी निमंत्रणे येत. म्हैसूरचा दसरा हा त्या काळी देशभरच्या कलावंतांना एकत्र आणणारा उत्सव होता. याच दरबाराकडून त्यांना संगीतरत्न ही पदवी मिळाली. धारवाड, हुबळी व कुंदगोळ या भागांतही त्यांचा दीर्घकाळ मुक्काम असे. या भ्रमंतीत मिरज हे परत येण्याचे ठिकाण राहिले.

कुटुंब

ताराबाई आणि अब्दुल करीम खाँ यांना पाच अपत्ये झाली. घरात मुलांची दोन नावे प्रचलित होती. थोरला मुलगा अब्दुल रहमान पुढे सुरेशबाबू माने या नावाने प्रसिद्धीस आला, तर चंपाकली ही हिराबाई बडोदेकर म्हणून. कृष्णराव माने, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही अन्य अपत्ये होत. हिराबाईंचा जन्म १९०५ मध्ये आणि सरस्वतीबाईंचा १९१३ मध्ये मिरजेतच झाला. वडील कैरान्याचे, आई बडोद्याची आणि मुले मिरज व पुणे येथे वाढलेली, अशा या कुटुंबात मुलांची भाषा मराठी झाली आणि कैरान्याची विद्या मराठी घरात नांदू लागली.

हे घर मात्र टिकले नाही. पतिपत्नींतील मतभेद वाढत गेले आणि १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन विभक्त झाल्या. मुलांनी वडिलांचे नाव न लावता आईकडील माने हे आडनाव किंवा बडोद्यावरून आलेले बडोदेकर हे नाव स्वीकारले. खाँसाहेबांच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा आघात होता. पुढे त्यांनी आपल्या शिष्या बानुबाई लाटकर यांच्याशी विवाह केला. त्या सरस्वतीबाई मिरजकर या नावाने ओळखल्या जात.

नाव बदलले तरी गाणे बदलले नाही. सुरेशबाबूंनी वडिलांकडे, तसेच अब्दुल वहीद खाँ यांच्याकडेही शिक्षण घेतले आणि धाकट्या बहिणींना स्वतः शिकवले. हिराबाईंना अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. ज्या काळात कुलीन स्त्रीने जाहीर मैफल करणे समाजाला मान्य नव्हते, त्या काळात हिराबाईंनी व्यासपीठावर बसून, तिकीट लावून गायन केले आणि स्त्रियांच्या मैफलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. सरस्वती राणे यांनी मैफलीबरोबरच चित्रपटांसाठीही गायन केले. १९४३ च्या रामराज्य या चित्रपटातील त्यांचे गीत विशेष लोकप्रिय झाले. माणिक वर्मा आणि प्रभा अत्रे या सुरेशबाबूंच्या शिष्या होत. विभक्त झालेल्या या कुटुंबातून किराणा गायकीची एक स्वतंत्र मराठी शाखा अशा रीतीने उभी राहिली.

आर्य संगीत विद्यालय

अब्दुल करीम खाँ यांनी आर्य संगीत विद्यालय या नावाची संस्था काढली. बेळगाव येथे आरंभ झाल्यानंतर १९१३ मध्ये पुण्यात तिची स्थापना झाली. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या गांधर्व महाविद्यालयामुळे संगीतशिक्षणाला सार्वजनिक स्वरूप येऊ लागले होते. खाँसाहेबांच्या विद्यालयात मात्र गुरुकुल आणि शाळा या दोन्ही पद्धतींचे मिश्रण होते. निवासी विद्यार्थी गुरूच्या घरीच राहत. त्यांच्या जेवणखाण्याचा व कपड्यालत्त्याचा भार गुरूवर असे. जात वा धर्म हा प्रवेशाचा निकष नव्हता. घराण्याची विद्या घरातच ठेवण्याचा रिवाज असलेल्या परंपरेतून आलेल्या उस्तादाने ती अशी खुली केली, हे या संस्थेचे वैशिष्ट्य होते.

संस्थेचा खर्च भागवण्यासाठी खाँसाहेब विद्यार्थ्यांसह गावोगावी जलसे करीत. त्यांत लहान मुलेही गात व वाजवत आणि सुरेशबाबूही त्यांत भाग घेत. विद्यालयाला आर्थिक ओढाताणीने कायम ग्रासले होते. पुढे मुंबईतही त्याचे कार्य काही काळ चालले. कौटुंबिक विभक्ततेनंतर हा व्याप आटोपला आणि खाँसाहेबांचा मुक्काम प्रामुख्याने मिरजेत राहिला.

शिष्यपरंपरा

रामभाऊ कुंदगोळकर तथा सवाई गंधर्व (१८८६ ते १९५२) हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध शिष्य होत. धारवाडजवळच्या कुंदगोळ येथे नाडगीर यांच्या वाड्यात खाँसाहेबांचा मुक्काम असे. किमान आठ वर्षे तालीम घेण्याच्या अटीवर त्यांनी रामभाऊंना शिष्य म्हणून स्वीकारले, असे सांगितले जाते. पुढे रामभाऊ मराठी रंगभूमीवर गेले. हे गुरूला रुचले नव्हते, तरी रामभाऊंनी किराणा गायकी सोडली नाही. त्यांनी ती गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी आणि फिरोज दस्तूर यांच्यापर्यंत पोहोचवली.

खाँसाहेबांच्या नात्यातील रोशनआरा बेगम यांना त्यांची दीर्घ तालीम लाभली. फाळणीनंतर त्या पाकिस्तानात गेल्या आणि तेथे त्यांनी ही गायकी जोपासली. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी अनेक वर्षे गुरूच्या सहवासात काढली आणि त्यांचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले. १९७२ मध्ये, खाँसाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ते प्रसिद्ध झाले. गुरूची दिनचर्या, प्रवास आणि शिकवण्याची पद्धत यांविषयीची बरीच माहिती या चरित्रामुळे टिकली. गणेश रामचंद्र बेहरेबुवा, दशरथबुवा मुळे, शंकरराव सरनाईक आणि विश्वनाथबुवा जाधव हेही त्यांचे शिष्य होत. केसरबाई केरकर यांनी बालपणी कोल्हापुरात काही महिने त्यांच्याकडे शिक्षण घेतले होते.

गायकी

अब्दुल करीम खाँ यांचा आवाज बारीक, टोकदार आणि अतिशय सुरेल होता. मोठ्या आवाजाचा दबदबा निर्माण करण्यापेक्षा स्वर अचूक व भावपूर्ण लावण्याकडे त्यांचा कल होता. विलंबित लयीत रागाची एकेका स्वराने होणारी बढत, कणयुक्त आणि मींडप्रधान आलापी, आणि बोलांपेक्षा स्वराला दिलेले महत्त्व ही त्यांच्या ख्यालगायनाची वैशिष्ट्ये मानली जातात. तंबोऱ्यातील पंचमाच्या जागी निषाद लावण्याची किराणा गायकांची आवडही प्रसिद्ध आहे.

ग्वाल्हेर घराण्याचे रहिमत खाँ यांच्या गायनाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. रहिमत खाँ यांनी अखेरची वर्षे मिरजेजवळच्या कुरुंदवाड येथे काढली. सुरुवातीच्या काळात खाँसाहेबांचे गायन अधिक चपळ व तानप्रधान होते आणि पुढे त्यात संथपणा आला, असे त्यांच्या ध्वनिमुद्रणांच्या तुलनेवरून अभ्यासक मानतात.

ठुमरी गाताना त्यांनी पूरब अंगाच्या नखऱ्याऐवजी ख्यालासारखी शांत व आर्त मांडणी केली. मराठी नाट्यपदेही त्यांनी गायिली. मानापमान या नाटकातील त्यांनी गायिलेले देवगंधार रागातील पद रंगभूमीबाहेरही ख्यालगायकाच्या दृष्टीने ऐकले गेले.

श्रुतिविचार आणि दक्षिणेशी संबंध

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी भारतीय संगीतातील २२ श्रुतींचे गणिती मापन करण्याचा प्रयत्न केला. या प्रयोगांसाठी खाँसाहेबांनी प्रत्यक्ष गाऊन सहकार्य केले. सामान्य पेटीवर न मिळणाऱ्या सूक्ष्म स्वरांसाठी श्रुतिपेटी तयार करण्यात आली. या सिद्धांतावर पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु घराण्याची तोंडी विद्या मिळालेल्या उस्तादाने शास्त्रीय प्रयोगात उत्साहाने भाग घेतला, ही गोष्ट त्या काळात अपवादात्मक होती.

म्हैसूर व मद्रास येथील प्रवासांमुळे त्यांचा कर्नाटक संगीताशी निकटचा परिचय झाला. त्यांनी त्या पद्धतीचा आदराने अभ्यास केला आणि त्यागराजांची खरहरप्रिया रागातील कृती ध्वनिमुद्रित केली. दाक्षिणात्य रागांचा हिंदुस्तानी पद्धतीतील स्वीकार आणि ख्यालातील सरगमचा वापर यांत त्यांचा मोठा वाटा आहे. उत्तर व दक्षिण या दोन्ही पद्धतींच्या श्रोत्यांमध्ये मान मिळवणारे असे हिंदुस्तानी गायक त्या काळी थोडे होते.

ध्वनिमुद्रणे

१९०४-०५ च्या सुमारास ग्रामोफोन कंपनीने त्यांच्या गायनाच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यानंतर दीर्घ काळाने, १९३० च्या दशकात ओडियन कंपनीसाठी त्यांनी गायिलेल्या ध्वनिमुद्रिका विशेष गाजल्या. सुमारे तीन मिनिटांच्या मर्यादेतही रागाचे स्वरूप शांतपणे उभे करण्याची त्यांची हातोटी या मुद्रणांत दिसते. बसंतातील ख्याल, झिंझोटी आणि भैरवी या रागांतील ठुमऱ्या आजही संगीताचे विद्यार्थी अभ्यासासाठी ऐकतात. लहानपणी गदग येथे त्यांच्या झिंझोटीतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका ऐकून भीमसेन जोशी यांना गाणे शिकण्याची ओढ लागली आणि गुरूच्या शोधात त्यांनी घर सोडले. गुरुकुलातील शिष्यांपुरती असलेली ही विद्या तबकडीच्या द्वारे अनोळखी घरांतही पोहोचली, याचे हे उदाहरण आहे.

निधन

१९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात खाँसाहेब मद्रासच्या दौऱ्यावर होते. तेथून ते योगी अरविंद यांच्या आश्रमात गायनासाठी रेल्वेने पाँडिचेरीकडे निघाले. वाटेत त्यांना छातीत अस्वस्थ वाटू लागले, म्हणून सिंगपेरुमाळकोईल या लहान स्थानकावर ते शिष्यांसह उतरले. फलाटावर बिछाना अंथरण्यात आला. त्यांनी तंबोरा जुळवण्यास सांगितले, नमाज पढली आणि दरबारी रागाच्या स्वरांत ईश्वराचे नामस्मरण केले. त्यानंतर काही वेळातच, २७ ऑक्टोबर १९३७ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव मिरजेस आणण्यात आले आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. ज्या आवारात ते दरवर्षी गायनाची हजेरी लावत, तेथेच त्यांची कबर आहे.

स्मृती आणि वारसा

खाँसाहेबांच्या मृत्यूनंतर दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरू लागली. आजारातून उठलेल्या एका गायकाची वैयक्तिक कृतज्ञता हे या सभेचे मूळ होय. किराणा घराण्याच्या पुढील पिढ्यांतील गायकांबरोबरच अन्य घराण्यांचे गायक-वादकही येथे हजेरी लावतात. येथील गायनवादन हे सेवा म्हणून सादर करण्याची प्रथा आहे. मैफल रात्रभर चालते. जत्रेला आलेले खेड्यापाड्यांतील भाविक, मिरजेचे वाद्यकारागीर आणि जाणकार रसिक हे सर्व एकाच आवारात बसून गाणे ऐकतात.

गुरूच्या स्मरणार्थ उत्सव करण्याची ही रीत त्यांच्या शिष्यपरंपरेतही दिसते. सवाई गंधर्व यांच्या पश्चात कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीतोत्सव होऊ लागला. पुण्यात १९५३ मध्ये भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने आर्य संगीत प्रसारक मंडळाचा सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. खाँसाहेबांच्या विद्यालयाची आठवण देणारे नाव या मंडळाला आहे. हा महोत्सव पुढे देशातील एक मोठा शास्त्रीय संगीताचा उत्सव बनला. पुण्याच्या महोत्सवात हजारो श्रोते तिकीट काढून मंडपात बसतात. मिरजेच्या उरुसातील सभा मात्र आजही दर्ग्याच्या आवारात, खाँसाहेबांच्या कबरीच्या सान्निध्यात आणि सर्वांसाठी खुली अशीच भरते.